चिंचोक्यांची विहीर

दिवाळीची सुट्टी लागली, की घरोघरी माळ्यावरचे पट खाली येतात. सापशिडीचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला असतो, 'व्यापारा'तल्या मोठ्या नोटा नेमक्या कुठे तरी गडप झालेल्या असतात आणि हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचे बटण इमानेइतबारे खेळत असते. शेजारी फराळाची बशी, भोवती भावंडांचा गराडा आणि वरून वडीलधाऱ्यांचा ठरलेला शेरा: "एवढे डोके अभ्यासात चालवले असते, तर!"

वाचकहो, या शेऱ्यामागे एक समजूत आहे. खेळ निराळा आणि काम निराळे, खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही ती समजूत. पण गेली दोनशे वर्षे जगातली अतिशय गंभीर चेहऱ्याची माणसे, म्हणजे सेनापती, कारखानदार, प्राध्यापक, पाणीतज्ज्ञ, पट मांडून खेळत आली आहेत. आणि ती करमणुकीसाठी खेळत नव्हती. १९७० साली क्लार्क ॲब्ट या गृहस्थांनी एक पुस्तक लिहून या प्रकाराला 'गंभीर खेळ' असे नावच देऊन टाकले. नाव नवे असले, तरी कल्पना मात्र आपल्या आजीच्या ओळखीची आहे.

पुण्याची शिडी, पापाचा साप

सापशिडी हा विलायती खेळ आहे, असे वाटत असेल तर ते मनातून काढून टाकावे. तो इकडूनच तिकडे गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दुकानांत विकायला लागला. आपल्याकडे त्याचे नाव 'मोक्षपट'. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वर माउलींकडे देते. मराठी मोक्षपटाचे जुने नमुने डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात होते आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतले वा. ल. मंजूळ यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. या पटावर घराघरांत गुणदोषांची नावे. दयेच्या घरात पडलात तर शिडीने वर, लोभाच्या किंवा क्रोधाच्या घरात पडलात तर सापाच्या तोंडून थेट खाली, आणि सर्वांत वर मोक्ष. जैन घरांतून असाच ८४ घरांचा 'ज्ञानबाजी' नावाचा पट पर्युषणात मांडला जाई. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत, हे विशेष. विलायतेत गेल्यावर दोहोंची संख्या बरोबरीला आली. साहेबाला पुण्य आणि पाप समसमान वाटले असावे!

मोक्षपट ही मुलांना नीती शिकवायची सुरेख युक्ती होती, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणीव आहे आणि ती पुढल्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. मोक्षपटात खेळणारा काहीच ठरवत नाही. कवड्या पडतील तसे जायचे. लोभाच्या घरात तुम्ही लोभामुळे पडत नाही, चार पडले म्हणून पडता. लोभ वाईट हे कळते, पण ऐन वेळी लोभ कसा सुटतो, हे त्या पटाला दाखवता येत नाही. ते दाखवायचे, तर खेळणाऱ्याच्या हाती निर्णय द्यावा लागतो आणि त्या निर्णयाचे फळ त्यालाच खायला लावावे लागते.

हे प्रथम नीट साधले ते प्रशियाच्या सैन्यात. राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने १८२४ साली नकाशावर लहान ठोकळे मांडून दोन पक्षांत लढाई खेळवली. मध्ये एक पंच बसवला आणि दोन्ही बाजूंना शत्रूचे तेवढेच दिसू दिले, जेवढे खऱ्या रणांगणावर दिसले असते. सेनाप्रमुख म्युफ्लिंग सुरुवातीला नाइलाजानेच पाहायला बसले म्हणतात. उठले ते या खेळाची शिफारस साऱ्या सैन्याला करण्याच्या निश्चयाने. पटावर हरलेली लढाई फुकटात पडते, हा त्यातला हिशेब.

'व्यापार'ची फसगत

मग ही युक्ती पैशाच्या व्यवहारात का आणू नये? ती आणली एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी. १९०४ साली त्यांनी 'जमीनदाराचा खेळ' नावाच्या पटाचे पेटंट मिळवले. जमिनीची मालकी थोड्यांच्या हातात गेली, की भाड्यापायी बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना खेळून कळावे, हा त्यांचा हेतू. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच केले: एकात एक जण सर्वांना बुडवतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सर्वांनाच वाटा मिळतो. लोकांनी काय उचलले? अर्थात पहिला संच! त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' निघाली. १९३५ साली पार्कर बंधूंच्या कंपनीने बाईंचे पेटंट अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. आणि आपल्या घरातला 'व्यापार' हे त्याच झाडाचे फळ. जमीनदारीचा धोका शिकवायला निघालेला पट पाऊणशेहून अधिक वर्षे मुलांना धाकट्या भावाकडून भाडे उकळण्याचा आनंद शिकवीत आहे. खेळातून शिकवू पाहणाऱ्याने ही गोष्ट उशाशी ठेवावी.

धंद्याच्या शिक्षणासाठी म्हणून मुद्दाम बसवलेला खेळ अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ साली पुढे आणला. त्यात हिशेबाला त्या काळचे कपाटाएवढे गणकयंत्र होते. पण माझ्या मते त्याहून मोलाचा खेळ निघाला तो नंतर दोन-तीन वर्षांनी, एमआयटी या संस्थेत, जे फॉरेस्टर यांच्या मंडळींकडून. त्याला यंत्र लागत नाही. एक लांब टेबल, काही टिकल्या आणि चार माणसे पुरतात. मूळ खेळात बिअरची खोकी आहेत. आपण दिवाळी अंकात आहोत, तेव्हा रव्याची पोती धरू.

पहिला किराणा दुकानदार, दुसरा घाऊक व्यापारी, तिसरा मोठा वितरक आणि चौथा रव्याचा गिरणीवाला. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर कळते. आपापसात बोलायची बंदी. वर पाठवलेली ऑर्डर पोचायला दोन आठवडे आणि माल यायला आणखी दोन. माल पडून राहिला तर दंड, मागणी पुरी करता आली नाही तर दुप्पट दंड. गिऱ्हाईक आठवड्याला ४ पोती मागते. पाचव्या आठवड्यापासून ते ८ मागू लागते आणि पुढे शेवटपर्यंत ८च मागते. बस्स, एवढाच फरक.

आता गंमत पाहा. दुकानदाराचा साठा घटतो, म्हणून तो घाबरून १२ मागवतो. माल लगेच येत नाही, म्हणून पुढल्या आठवड्यात १६. घाऊक व्यापाऱ्याला वाटते, रव्याला सोन्याचे दिवस आले. तो २० मागवतो. गिरणीपर्यंत पोचता पोचता आकडा तिपटी-चौपटीने फुगलेला असतो. मग काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन कोसळतो, ऑर्डरी शून्यावर येतात आणि गिरणीवाला कपाळाला हात लावून बसतो. खेळ संपल्यावर विचारले, की गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, तर बहुतेक जण कागदावर लाटांसारखी वरखाली जाणारी रेघ काढतात. खरी रेघ दाखवली, की टेबलाभोवती शांतता पसरते. विद्यार्थी खेळोत, की कंपन्यांचे मोठे अधिकारी, लाटा त्याच उठतात. म्हणजे दोष कुणा मूर्ख माणसाचा नसतो. दोष असतो उशिरा कळण्याचा, उशिरा पोचण्याचा आणि एकमेकांशी न बोलण्याचा.

नाशिक-नगरकडच्या कांद्याच्या शेतकऱ्याला हे सांगायला मॅसॅच्युसेट्सचा प्राध्यापक कशाला हवा? यंदा भाव चढला म्हणून सगळ्यांनी कांदा लावायचा आणि तीन-चार महिन्यांनी सगळ्यांनी मिळून तो मातीमोल विकायचा, हा तोच खेळ आहे. फरक इतकाच, की इथे टिकल्यांच्या जागी कर्ज असते.

शाळेत खेळ आणण्याचे काम मात्र आपल्याकडे फार आधी सुरू झाले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसोरीबाईंची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून विज्ञानाची खेळणी केली, तीही त्याच वाटेवरची. स्वस्त खेळणे मोडायला मूल भीत नाही, आणि मोडल्याशिवाय ते आत काय आहे हे कसे पाहणार?

पाथर्डीची विहीर

आता मी आपल्याला पाथर्डीला नेतो. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. नगरपासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर. गर्भगिरीचे डोंगर, मढीची कानिफनाथांची यात्रा, तिथला गाढवांचा बाजार, मोहटादेवीचे नवरात्र. हिंदुस्थानभरच्या स्थानकवासी जैन कुटुंबांना हे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. याच तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीत १९३६ साली धार्मिक परीक्षांचे बोर्ड निघाले. म्हणजे गाव तसे परीक्षांचे! पण या तालुक्याची खरी परीक्षा पाऊस घेतो. हा अवर्षणाचा टापू. इथल्या आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे, आणि तरीही याच तालुक्यातली हजारो माणसे दुसऱ्यांच्या शिवारातला ऊस तोडायला दर वर्षी घर सोडतात. आपल्याकडे फराळाचे डबे उघडतात, त्याच सुमारास तिकडे बिऱ्हाडे बांधली जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत उसाच्या फडात राहायचे. म्हाताऱ्यांना घरी ठेवायचे आणि पोरांचे काय, हा प्रश्न शाळेच्या हजेरीपटावर रिकाम्या चौकोनांनी लिहिलेला असतो.

आपल्या करंजीतली साखर या वाटेने येते, हे ध्यानी असू द्यावे.

पाणी थोडे आणि मागणारे पुष्कळ, या कोड्यावर खेळाचा उपाय अलीकडे खरोखरच करून पाहिला गेला आहे. आंध्र प्रदेशातल्या दुष्काळी गावांत 'फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी' ही संस्था आणि रूथ माइन्झेन-डिक प्रभृती संशोधक यांनी शेतकऱ्यांना पिके निवडण्याचा खेळ खेळायला बसवले. जमिनीखालचे पाणी सर्वांचे सामाईक. कमी पाण्याचे पीक कमी पैसे देते, जास्त पाण्याचे जास्त. बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. खेळ झाल्यावर साऱ्या गावाची बैठक. एका वर्षाने, नियम थोडे बदलून, पुन्हा खेळ. त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि ते प्रामाणिक वाटतात, कारण ते सगळे गोड नाहीत. पहिल्या वर्षी खेळणाऱ्यांना आपसात बोलायची मोकळीक देऊनही पाणी वाचले नाही. दुसऱ्या वर्षी बोलण्याचा उपयोग झाला. खेळातल्या कमाईचे खरे पैसे हाती दिले काय आणि न दिले काय, पीक निवडण्यात फरक पडला नाही. मात्र त्याच संस्थेच्या इतर गावांच्या मानाने, जिथे खेळ झाले त्या गावांनी पाण्याची नोंदवही ठेवणे आणि उपशाचे नियम करणे हे लक्षात येण्याइतक्या जास्त प्रमाणात केले. नुसत्या खेळाने भूजल वाचणार नाही, असेही त्यांनी स्वच्छ लिहिले आहे.

नियमांचे म्हणाल, तर ते शिकायला आंध्रात जायची गरज नाही. १९७२च्या दुष्काळाने हललेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथे 'पाणी पंचायत' उभी राहिली. पाणी जमिनीच्या मालकीवर द्यायचे नाही, माणशी द्यायचे: दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस नाही. पाथर्डीच्या शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग ग्रामसभेत पिके ठरवायची, अशी रीत घातली. शेतीसाठी विंधनविहीर नाही आणि इथेही ऊस नाही. हे सारे ऐकताना वाटते, यात काय मोठेसे? कोणीही समंजस माणूस हेच करील. वाटते ना? मग वाडगा मांडा.

वाडगा मांडा

घरच्या घरी मांडता येईल अशी ही विहीर मी बेतली आहे. पाच खेळाडू म्हणजे पाच शेतकरी. मध्ये एक वाडगा, त्यात ५० चिंचोके. हे पाचांचे मिळून पाणी. दर फेरी म्हणजे एक वर्ष. प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचे: बाजरी की ऊस. बाजरीला १ चिंचोका लागतो आणि २ रुपये मिळतात. उसाला ३ चिंचोके लागतात आणि ५ रुपये मिळतात. वर्षाअखेर पाऊस पडतो आणि वाडग्यात ५ चिंचोके येतात. ज्या वर्षी मागणीइतके चिंचोके वाडग्यात उरणार नाहीत, त्या वर्षी कुणाला काही मिळायचे नाही, खेळ खलास. गाव ऊसतोडीला निघाले, असे समजायचे.

पहिल्यांदा बोलायचे नाही. बहुधा काय होईल ते सांगतो. पाचही जण ऊस लिहितील, कारण शेजारी लिहीलच, मग मीच का मागे राहू? दर साल १५ उपसले, ५ आले. वाडगा १० ने खाली. चार वर्षांत प्रत्येकाच्या हाती २० रुपये येतात आणि पाचव्या वर्षी १५ हवे असताना वाडग्यात १० असतात. संपले! उलट पाचही जणांनी साधुसंतांसारखी बाजरीच घेतली, तर दहा वर्षांनी प्रत्येकाकडे तेच २० रुपये, आणि वाडगा काठोकाठ जसाच्या तसा.

पण साधुसंत व्हायची गरजच नाही, ही या खेळातली खरी मौज. दुसऱ्या डावात बोलायला परवानगी द्या. कोणी तरी म्हणेल, की आपण पाळी लावू. दर साल एकाने ऊस घ्यायचा, चौघांनी बाजरी. दहा वर्षांत प्रत्येकाला दोनदा ऊस मिळतो, कमाई २६ रुपये आणि वाडग्यात ३० शिल्लक. घरात हिशेबी मेव्हणा असेल, तर तो सुचवील, की दोघांनी ऊस घ्यावा. तेही बसते: प्रत्येकी ३२ रुपये आणि वाडग्यात १० शिल्लक. मग लोभ सुटून तिघांची पाळी लावली, की आठव्या वर्षी ११ हवेत आणि आहेत ८. मोक्षपटावरचा लोभाचा साप इथे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शेपटीला धरून आणलेला दिसतो.

पाळीचे वचन कोण मोडतो, ते पाहण्यासारखे असते. चिठ्ठी गुप्त असल्यामुळे उपसा जास्त झाल्याचे कळते, पण कोणी केला हे कळत नाही, आणि तिथून जी वादावादी सुरू होते, ती ऐकून आपण ग्रामपंचायतीत बसलो आहोत की दिवाणखान्यात, असा प्रश्न पडावा. मग तिसरा डाव उघड्या चिठ्ठ्यांचा खेळावा. आंध्रातल्या गावांनी खेळानंतर नोंदवही का घातली, याचे उत्तर आपोआप मिळते.

दोन सूचना. डाव किती वर्षांचा, हे आधी सांगू नये. दहावे वर्ष शेवटचे हे ठाऊक असले, की दहाव्या वर्षी सगळेच ऊस लावतात, आणि ते चुकीचेही नसते! खऱ्या विहिरीला शेवटचे वर्ष नसते, म्हणून खेळ थांबवायची वेळ वडिलांनी किंवा आईने मनात ठेवावी. दुसरी सूचना पावसाची. दर साल नेमाने ५ चिंचोके पडणारा पाऊस पाथर्डीत तरी कुणी पाहिलेला नाही. खेळ हाताला बसला, की पाऊस फाशाने पाडावा: एकही पडेल, सहाही पडेल. सरासरी साडेतीन. मग दोन उसांची ती हुशार पाळी दहा वर्षे तरेलच असे नाही. लागोपाठ दोनदा एक पडला, की ठरलेला करार मोडून नवा करायला मध्येच बैठक बोलवावी लागते. ती बोलवायचा हक्क पाचांतल्या कोणालाही असावा, अगदी त्या साली ज्याची उसाची पाळी नाही त्यालासुद्धा. आणि वाडग्यातले चिंचोके मोजायला घरातले सर्वांत धाकटे पोर बसवावे. त्याला वीसच्या पुढे मोजायची हौस असते आणि त्याने ऊस लावलेला नसतो.